आकाश ज्युलिएटला जास्त कळतं

परवा व्हॉट्सॲपवर एक लग्नपत्रिका आली. गडद निळं आभाळ, लुकलुकणाऱ्या चांदण्या आणि त्यावर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधल्या ओळी. ओळी ज्युलिएटच्या तोंडच्या. अर्थ असा, की रोमिओचे बारीक तुकडे करून तारे बनव, मग तो आभाळ इतकं देखणं करेल की सगळं जग रात्रीच्या प्रेमात पडेल. छानच. फक्त त्याआधीचे दोन-तीन शब्द पत्रिकावाल्यानं गाळले होते: “मी मेले की.” (१५९९ च्या छापील प्रतीत ‘मी’ आहे, पुढे एका आवृत्तीत त्याचं ‘तो’ झालं. मरण दोन्हीकडे आहेच.) मी कुणाला काही बोललो नाही. अक्षता टाकल्या, जेवलो, घरी आलो आणि नाटक काढून बसलो.

या नाटकाचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा ताऱ्यांवर येतात. सुरुवातीच्या निवेदनातच सांगून टाकलंय ना, की या दोघांचे ग्रह आडवे होते म्हणून! माझं म्हणणं असं, की हे ग्रहमानाचं खूळ रोमिओचं आहे. मेजवानीला निघतानाच त्याला वाटतं, ताऱ्यांत लटकलेलं काहीतरी आज रात्री सुरू होणार. ज्युलिएट मेल्याची बातमी येते तेव्हा तो थेट ताऱ्यांनाच आव्हान देतो, आणि थडग्यात शिरल्यावर म्हणतो, अशुभ ताऱ्यांचं जू मानेवरून झुगारतो. स्वतःच्या उतावळेपणाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्याची उपमाही जरा तपासून घ्यावी. खिडकीत उजेड दिसतो आणि तो म्हणतो, ती पूर्व दिशा आणि ज्युलिएट हा सूर्य. सुंदर. पण त्याच दिवशी, काही तासांपूर्वी, हाच गडी रोझलाइनबद्दल, म्हणजे तोवर ज्या मुलीसाठी झुरत होता तिच्याबद्दल, सांगत होता की जग सुरू झाल्यापासून सूर्यानं तिच्या तोडीची बाई पाहिलेली नाही. म्हणजे सूर्य तोच, बाई बदलली.

पुढे तो या नव्या सूर्याला सांगतो, उगव आणि त्या मत्सरी चंद्राला मारून टाक. इथे मराठी वाचक अडतो. आपला चंद्र पुरुष, मुलांचा तर मामाच. तिथे चंद्र ही बाई आहे, डायना, कौमार्याची देवता. रोझलाइननं लग्न न करण्याची शपथ घेतलेली, म्हणजे ती डायनाच्याच गोटातली. चंद्राला मारायचं म्हणजे काय, ते मग नीट कळतं. ‘मत्सरी चंद्र’ असं मराठीत लिहिलं की सवतीमत्सराची ती सगळी गंमत व्याकरणातच वाहून जाते.

आणि ज्युलिएट? चौदावं अजून लागायचंय. रोमिओ चंद्राची शपथ घ्यायला जातो तशी ती त्याला अडवते: त्याची नको, तो दर महिन्याला बदलतो. वर सांगते, हे सगळं फार घाईचं होतंय, ‘वीज चमकली’ म्हणेपर्यंत विझणाऱ्या विजेसारखं. तिला आकाश नटायला नको असतं, तिचं त्याच्याकडे काम असतं. लग्नानंतर ती सूर्याच्या घोड्यांना पिटाळते, लवकर मावळा म्हणते, फेथनसारखा सारथी हवा होता म्हणते. बापाचा, म्हणजे सूर्याचा, रथ न आवरल्यानं मेलेला पोरगा तो! त्या क्षणी प्रेक्षकाला ठाऊक असतं, की तिचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओच्या हातून मेलाय आणि रोमिओ हद्दपार झालाय. तिला अजून ठाऊक नसतं. ते तुकड्यांचे तारे याच भाषणात आहेत. सूर्याला भडक म्हणते तीही इथेच.

हे सगळं लंडनच्या उघड्या नाट्यगृहात भर दुपारी व्हायचं, बरं का. डोक्यावर ऊन आणि रात्र फक्त शब्दांत.

लग्नाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ती चक्क खोटं बोलते. सकाळचा चंडोल नाही, रात्रीचा नाइटिंगेल गातोय, आणि तो उजेड दिवसाचा नाही, सूर्यानं सोडलेली उल्का आहे. रोमिओ म्हणतो, बरं, थांबतो, मरतो. त्याबरोबर ही ताळ्यावर: चंडोलच आहे तो, पळ आधी! दोघांत वेळ कुणाला कळते, बघा.

शेवटी घात झाला तो, ज्युलिएटचं मरण हे नुसतं सोंग आहे, हा निरोप रोमिओला न पोचल्यानं. पत्र नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयानं एका घरात कोंडलं होतं. शिवाय दोन घराण्यांचं जुनं वैर. ताऱ्यांचा यात काय संबंध?

त्या सकाळी दुःखानं सूर्य तोंड दाखवत नाही, असं त्या शहराचा, व्हेरोनाचा, राजा म्हणतो. त्याच्या थोडंच आधी रोमिओचा बाप जाहीर करून बसलेला असतो, की सुनेचा पुतळा उभारीन. शुद्ध सोन्याचा.