बऱ्हाणपूरला दोन पानं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. जगाच्या इतिहासावरच्या 'मध्ययुगापासून आजपर्यंत' या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: फ्रेंच राज्यक्रांतीला दोन परिच्छेद आणि तापीकाठच्या बऱ्हाणपूरच्या (आज मध्य प्रदेशात) कापडाला दोन पानं, नेपोलियन नावापुरता, १४५३ला मध्ययुग संपतं हे साधं गणितही पाळलेलं नाही, आणि एकूण प्रकार म्हणजे खान्देशाला जगाच्या मध्यभागी बसवायचा हट्ट.

मध्यभागी कुणी बसवलंय? भुसावळला कुणी राजधानी म्हणत नाही, पण मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी भुसावळ टाळून जाईल कशी? बऱ्हाणपूरचं तसंच होतं. सुरतेहून आग्र्याला जाणारा मोठा रस्ता नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला यायचा. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ला याच वाटेने जहांगीरकडे निघाला आणि बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला. तिथलं कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जायचं, आणि बदल्यात सुरतेला चांदी उतरायची. त्यातली बरीचशी मूळची मेक्सिकोतली आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीची, तिथल्या आदिवासींना सक्तीने खाणीत जुंपून काढलेली. मुघल टांकसाळीत तिचे रुपये पडायचे. याला दोन पानं म्हणजे मी हात आखडताच घेतला.

आणि १४५३चं म्हणाल, तर तुर्कांनी त्या साली काँस्टँटिनोपल घेतलं म्हणून तापीकाठचं मध्ययुग का संपावं? ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तेव्हा अकबराची फौज बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाला वेढा देऊन बसली होती. जानेवारीत गड पडला, खान्देशच्या फारुकी सुलतानांची दोनशे वर्षांची सत्ता गेली. मला विचाराल तर आपल्याकडे रेघ ओढायला तो हिवाळा जास्त सोयीचा.

युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धाशेजारी (१६१८-४८) मी इथला दुष्काळ ठेवला, तेही तुम्हाला खटकलं. १६३०च्या अखेरीस पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे निघाला. ओस गावं आणि रस्त्याकडेची प्रेतं यांचं त्याने केलेलं वर्णन वाचवत नाही. त्याच वेळी शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. पुढच्या जूनमध्ये मुमताज तिथेच वारली. ताजमहाल आपल्या लक्षात राहिला, दुष्काळ राहिला नाही. तिकडे जर्मनी लढाईने आणि उपासमारीने उजाड होत होता, १६४४ला चीनमध्ये मिंग राजवट बुडाली. त्या शतकातल्या थंडावलेल्या हवामानाचा या सगळ्यात किती हात, यावर इतिहासकार अजून भांडतात. तीन प्रकरणांत तीन घटना वाटून टाकल्या असत्या, तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

कापसातली तर एक ओळही कमी करणार नाही. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने गुलामांकडून कापूस पिकवून घेणाऱ्या दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईत भाव कडाडले. त्याच सुमारास खान्देशात रेल्वे येत होती. ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस शिरला, सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागला, जळगावची पेठ वधारली. १८६५ला युद्ध संपलं आणि भाव आपटले. मुंबईत समुद्र बुजवायला निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअरवाले बुडाले, ते सगळ्या पुस्तकांत आहे. शेतकऱ्याच्या कर्जाचं पुढे काय झालं हे पाहायचं तर १८७५पर्यंत थांबावं लागतं, पुणे-नगरकडे लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली तिथपर्यंत. मिसिसिपीकाठच्या गुलामांची सुटका आणि इकडच्या कुणब्याचं कर्ज एकत्र सांगणं तुम्हाला ओढूनताणून वाटतं. आज जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढतात तिथे, जाऊन भाव का पडला विचारा. न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचं नाव निघतं की नाही बघा.

आता नेपोलियन. तो १७९८ला इजिप्तमध्ये उतरला. फ्रेंच टिपूच्या मदतीला येतील ही धास्ती इंग्रजांना होतीच. पुढच्या वर्षी त्यांनी श्रीरंगपट्टण घेतलं. १८०३ला असईच्या लढाईत शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे हरली आणि महिन्याभरात त्यांच्या कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड ताब्यात घेतले. असईचा विजेता आर्थर वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा होता. बाकी त्याच्या ऑस्टरलिट्झ ते मॉस्कोपर्यंतच्या मोहिमा शाळेच्या पुस्तकात आहेत, परीक्षेची मुलं तिथून वाचतातच.

पुढच्या भागात विसावं शतक, आणि त्यातही तुम्ही चिडणार. कारण डिसेंबर १९३६चं जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर येणार. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, आणि अध्यक्ष नेहरू तिथे स्पेनच्या यादवीवर आणि फॅसिझमवर बोलत होते. तुमचे आजोबा त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते, हे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. त्यांनी घरी काय सांगितलं? त्या भाषणातलं आसपासच्या शेतकऱ्यांपर्यंत किती पोचलं, एवढ्या गर्दीच्या जेवणापाण्याचं काय केलं होतं, आठवेल ते लिहून पाठवा. जागा लागली तर नेपोलियनची आहे तीही ओळ कापतो.