वणव्यावर दहा लिटर पाणी

फेब्रुवारी संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजापूरहून एक फोटो ठरलेला असतो : काळा पडलेला सडा, म्हणजे कातळाचं गवताळ माळरान, आणि कडेची करपलेली काजूची झाडं. यंदा त्या फोटोखाली पुण्याच्या भाच्याने एक व्हिडिओ टाकला. पाण्याचा पाइप घेऊन ड्रोन उंच इमारतीपर्यंत चढतो आणि खिडकीत फवारा मारतो. ‘मामा, तिकडे हे असेलच ना? आपल्याकडे कधी येणार?’ मामा म्हणजे मी. लॉस एंजेलिसजवळ 14 वर्षं राहतोय, त्यामुळे आगीच्या विषयातला घरचा तज्ज्ञ.

मग ग्रुपवर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, गावागावात सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतले फवारणीचे ड्रोन येतायत, तेच वणव्यावर सोडा. दुसरा म्हणाला, आपल्याकडे बंबाला वाट मिळत नाही, ड्रोनचं काय घेऊन बसलात. मी दोन दिवस काही लिहिलं नाही. ग्रुपवर लिहिण्याएवढं ते थोडक्यात नव्हतंच.

7 जानेवारी 2025 च्या रात्री आमच्या गल्लीतून वणव्यात पेटलेल्या आल्टाडीना गावाच्या बाजूचं आकाश तांबडं दिसत होतं. पासपोर्ट, औषधं आणि आईचा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण गाडीत ठेवून आम्ही जागे बसलो होतो. वारा असा, की आग विझवणारी विमानं आणि हेलिकॉप्टरंही त्या रात्री थांबवावी लागली. ज्यांची भिस्त आकाशावर, त्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी. विमान उडू शकत नाही त्या वाऱ्यात ड्रोन काय करणार?

दोनच दिवसांनी ड्रोनची बातमी आली, पण भाच्याला हवी होती तशी नाही. कॅनडाच्या क्वेबेकमधून दरवर्षी इथे दोन पिवळी विमानं भाड्याने येतात. समुद्राला पोट घासत बारा सेकंदांत सुमारे 6 हजार लिटर पाणी भरून घेतात. त्यातल्या एकाच्या पंखावर एका हौशी माणसाचा ड्रोन आदळला. सांता मोनिकातल्या एका पार्किंगच्या गच्चीवरून जळालेली वस्ती बघायला त्याने तो सोडला होता. अडीच किलोमीटरवर गेलेला ड्रोन त्याला दिसतही नव्हता. पंखाला तीन बाय सहा इंचांचं भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण आग भडकलेली असताना काही दिवस जमिनीवर बसलं. दुरुस्तीचा खर्च 65 हजार डॉलरच्या वर गेला. इथलं अग्निशमन खातं वर्षानुवर्षं सांगत आलंय : तुम्ही उडवलंत, तर आम्हाला उडता येणार नाही. मुंबईत इमारत पेटली की खाली उंचावलेले मोबाइल आठवा, आणि त्या प्रत्येक मोबाइलला पंख फुटल्याची कल्पना करा.

म्हणून ड्रोन निरुपयोगी, असं मात्र मी म्हणणार नाही. लॉस एंजेलिसच्या दलाने 2017 च्या डिसेंबरातल्या स्कर्बॉल आगीत तो पहिल्यांदा वापरला. 2019 मध्ये पॅरिसचं नोत्र दाम पेटलं, तेव्हा पाण्याचा मारा नेमका कुठे करायचा हे ठरवायला अग्निशमन दलाला वरच्या ड्रोनची मदत झाली. धुरातून, अंधारातून उष्णता टिपणारा कॅमेरा ही त्याची खरी करामत. पाणी टाकणं हे त्याचं काम नव्हे. शेतातल्या फवारणीच्या ड्रोनला साधारण दहा लिटरची टाकी असते. ती पाच-दहा मिनिटांत रिकामी, मग बॅटरी बदला. वणव्यावर दहा लिटर म्हणजे तापल्या तव्यावर चार थेंब.

गंमत अशी, की जंगलात ड्रोनचा एक मोठा उपयोग आग लावण्याचा आहे. पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या गोळ्यांमध्ये पोटॅशियम परमँगनेट भरलेलं असतं. ड्रोन त्यांना ग्लायकॉल हे रसायन टोचून खाली सोडतो आणि थोड्याच वेळात त्या पेटतात. पुढचं गवत आधीच जाळून टाकलं की येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. माझे आजोबा हेच काडेपेटी आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन करायचे. मागे चार माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उभी असायची, हेही सांगायला हवं.

आता त्याच 7 जानेवारीची दुसरी मोठी आग घ्या, लॉस एंजेलिसच्या समुद्राकडच्या पॅलिसेड्स वस्तीतली. 1 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर त्याच डोंगरावर आठेक एकर जळलं होतं आणि ते विझवलंही होतं. सरकारी तपासानुसार त्या आगीची धग मुळांमध्ये दबून राहिली आणि 7 तारखेच्या वाऱ्याने वर आली. विझलेल्या जागेवर उष्णतेचा कॅमेरा फिरवायला हवा होता का, यावर इथे नंतर बरंच रण माजलं. खोल मुळातली धग वरून दिसेलच असं नाही. पण दिसली असती, तरी पुन्हा डोंगर चढून माती उकरायला माणसंच लागली असती. त्याच आठवड्यात पॅलिसेड्समधला 11.7 कोटी गॅलनचा सांता यनेझ जलाशय आच्छादनाच्या दुरुस्तीसाठी रिकामा होता आणि उंचावरचे नळ कोरडे पडले. दोन्ही मोठ्या आगी मिळून 30 हून अधिक माणसं गेली, 16 हजारांहून जास्त इमारती गेल्या. हा जगातला पैसेवाला कोपरा. इथे वणवा अडवायला त्याच्यापुढे मोकळे पट्टे खणणाऱ्यांत तुरुंगातले कैदी असतात, त्या आगींच्या वेळी तर दिवसाला काही डॉलरवर. ते मात्र अशा व्हिडिओंत दिसत नाहीत.

आपल्याकडे कमतरता आहे ती बातमीची नव्हे. उपग्रहाला जंगलात आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनखात्याला मोबाइलवर सूचना जाते. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादईच्या जंगलात वणवे लागले, तेव्हा नौदल आणि वायुदलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन आली. राजापूरच्या सड्यावर तर उपग्रहही नको. कुणी बिडी टाकली, कोवळं गवत यावं म्हणून कुणी काडी लावली, हे संध्याकाळपर्यंत वाडीला माहीत असतं. धूर सगळ्यांना दिसतो. प्रश्न धुराकडे जाणाऱ्यांचा आहे. त्यामुळे ड्रोनवर खर्च करायचाच असेल, तर ड्रोनचं चित्र बघून तासाभरात निघणारी दहा माणसं, त्यांचे बूट, त्यांचे ब्लोअर आणि त्यांचा पगार आधी अंदाजपत्रकात दिसू दे. मग ड्रोन घ्या, जरूर घ्या.

हे सगळं भाच्याला लिहिण्यापेक्षा मी सरळ दादाला फोन केला. दादा म्हणजे चुलतभाऊ, करपलेल्या बागेचा धनी. म्हटलं, पुढच्या वर्षी जानेवारीतच बागेभोवती गवताची बेणणी करून आग अडवायला चांगली दहा फुटांची जाळरेषा काढ, मजुरी मी पाठवतो.

‘पैसे आहेत रे,’ तो म्हणाला. ‘यंदाही बाजूला काढून ठेवले होते. वाडीत आता साठीच्या आतला मी एकटा. बाकी सगळे मुंबईला, नाहीतर तुझ्याकडे.’