गोव्यातील वारस कोण? एका फिरत्या संदेशाला उत्तर

पत्नी, मुले आणि आई हे मृताचे पहिल्या वर्गाचे वारस असून ते समान वाटे घेतात, लग्न झालेल्या मुलीचा माहेरच्या मालमत्तेवर हक्क उरत नाही आणि बँकेत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असते तोच त्या पैशाचा मालक होतो, असे सांगणारा संदेश गोव्यातील अनेक कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो. त्यावर विसंबून एखाद्या विधवेने वा मुलीने सही केली, तर ती चूक निस्तरणे फार कठीण जाते.

पहिला मुद्दा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यातून उचललेला आहे, आणि तो कायदा गोव्याला लागू नाही. येथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली, १९६२च्या केंद्रीय कायद्याने ती कायम ठेवली आणि वारशापुरती तिची जागा डिसेंबर २०१६पासून गोव्याच्या स्वतःच्या वारसा कायद्याने घेतली. धर्म कोणताही असो, क्रम एकच आहे: आधी मुले-नातवंडे, ती नसतील तर आई-वडील व आजी-आजोबा, मग भावंडे व त्यांची मुले, आणि त्यानंतर हयात पती वा पत्नी. म्हणजे मुले असताना आईला वारस म्हणून काहीच मिळत नाही.

पत्नी चौथ्या क्रमांकावर आहे म्हणून ती रिकाम्या हाताने राहते, असे मात्र मुळीच नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि तिचा अर्धा भाग मुळातच तिचा असतो. वारसा चालतो तो फक्त पतीच्या अर्ध्याचा. पेडण्यात घर व बागायत असलेला माणूस पत्नी आणि तीन मुले मागे ठेवून गेला, तर पत्नीचा अर्धा तसाच राहतो आणि प्रत्येक मुलाला एकूण मालमत्तेचा सहावा हिस्सा येतो. अपत्य नसलेल्या विधवेच्या बाबतीत मात्र पतीचा अर्धा तिच्याआधी दिरा-नणंदांकडे जावा, हे मला अन्यायाचे वाटते. सासू-सासरे किंवा त्यांच्या आधीची पिढी हयात नसेल, तर पती मृत्युपत्र करून आपला अर्धा तिच्या नावे ठेवू शकतो, कारण भावंडे अनिवार्य वारस, म्हणजे मृत्युपत्रानेही ज्यांचा हिस्सा डावलता येत नाही असे वारस, नाहीत. ज्यांना मूल नाही अशा जोडप्यांनी ही गोष्ट वेळीच करावी.

मुलीविषयीचा दावा सपशेल खोटा आहे. लग्न झालेली असो वा नसो, तिचा वाटा मुलाइतकाच असतो. तो जातो तो हक्कसोडीच्या दस्तावर सही केल्याने, आणि विवाहित असल्यास तिच्या पतीचीही संमती त्यात लागते. बाराव्याच्या गडबडीत पुढे केलेल्या कागदावर म्हणूनच सही करू नये.

नॉमिनीला बँक पैसे देते ती स्वतःची जबाबदारी संपवण्यासाठी. ते पैसे वारसांचेच राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँकखात्यांबाबत आणि २०२३ साली कंपन्यांच्या शेअर्सबाबत स्पष्ट केले आहे. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी म्हणून नेमलेले आई-वडील, पती-पत्नी वा मुले यांना ती रक्कम सर्वसाधारणपणे स्वतःच्या हक्काने मिळते.

वारस ठरतात ते विशेष नोटरीसमोरच्या वारसा दस्ताने, ज्याला जुनी माणसे अजून हाबिलितासांव म्हणतात, किंवा वाद असेल तर न्यायालयातील इन्व्हेंटरीने, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करणाऱ्या कारवाईने. रेशनकार्डावरील नाव किंवा इस्पितळाच्या फॉर्मवर लिहिलेला ‘जवळचा नातेवाईक’ यांपैकी कशानेही वारसाहक्क निर्माण होत नाही.