भुरी पाण्याने धुऊन जात नाही

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: 'भुरी पानावर नुसती बसते, आत शिरत नाही. ब्लोअरने साधं पाणी मारा, धुऊन जाईल. आणि पाऊस नसेल तर बुरशीची भीतीच नको.' यावर विसंबून घड गमवायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून लिहितोय. भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर, मण्यांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीचा रोग.

'आत शिरत नाही' हेच सगळ्यात घातक. पांढरे धागे वरच पसरतात, हे खरं. पण बीजाणू रुजला की त्याची नळी पानाला चिकटते, टोकाला चपटी होते आणि तिच्या खालून बारीक खुंटी सालीच्या पेशीची भिंत भेदते. काही जोराने, काही भिंत विरघळवणाऱ्या विकरांनी. आत गेलेलं टोक फुगतं, ते शोषकांग. पेशीचा आतला पातळ पडदा ते फाडत नाही, तो त्याच्याभोवती पिशवीसारखा बसतो. पेशी जिवंत राहते आणि तिची साखर बुरशी ओढते. भुरीला जिवंत पेशीच लागते, म्हणून तर पान बरेच दिवस हिरवं दिसतं आणि आपण गाफील राहतो.

कोवळ्या मण्यावरची भुरी अंगठ्याने पुसून बघा. पांढरं निघतं, खाली तपकिरी जाळी उरते. तिथली साल वाढायची थांबते, गर मात्र वाढत राहतो, मग मणी तडकतो. हे कोणतं पाणी धुणार?

पाण्यात भुरीचे काही बीजाणू फुटतात, तेवढं मान्य. पण घडाच्या आतल्या मण्यांपर्यंत फवारा नीट पोचत नाही, आणि हवामान जुळलं तर लागण झाल्यापासून 5 ते 7 दिवसांत नवे बीजाणू तयार.

पावसाचं म्हणाल तर ती गल्लत डाऊनीशी, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा या दुसऱ्या रोगाशी झालीय. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पर्णरंध्रातून आत जातात, त्यांना ओल लागतेच. भुरीला पान ओलं असावं लागत नाही. 20 ते 27 अंश तापमान, दाट पानोरा, सावली, की झालं. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस उघडला तरी ती येते.

मणी धरल्यापासूनचे 3-4 आठवडे घड सगळ्यात नाजूक. त्याच दिवसांत दाट फुटी काढून घडापर्यंत ऊन-वारा जाऊ द्या आणि गंधक डाग दिसायच्या आधी मारा. फक्त कडक उन्हात नको, पानं भाजतात.