घाटात गाडी चालवणारीला 'एल'ची पाटी

डोकं फिरलंय माझं. गणपतीला रजा काढून इंग्लंडहून गुहागरला घरी आलेय. सगळे पडवीत गप्पा मारत बसलेत आणि मी माडीवर खिडकीला चिकटून बसलेय, कारण रेंज तेवढ्याच कोपऱ्यात येते. काय करतेय? तर इंग्लंडच्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या थिअरीचा अभ्यास!

आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून 12 महिने चालतं. पुढे बंद. बदलूनही देत नाहीत. मग 34 पौंड भरून शिकाऊ लायसन्स काढा, गाडीला पुढेमागे लाल 'एल' लावा आणि शेजारी तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस बसवा. कराडला नोकरीला होते तेव्हा भर पावसात, धुक्यात, रात्री कुंभार्ली घाट मी एकटीने उतरलेय, समोरून मालट्रक येत असताना. रात्रपाळीला निघालेल्या माझ्यासारख्या नर्सच्या शेजारी रोज कोण येऊन बसणार आहे? आणि शेवटची बस कधीच निघून गेलेली असते.

थिअरीला 23 पौंड. 50 प्रश्न, त्यातले 43 बरोबर यायला हवेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न चांगले आहेत. चढ चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे त्यांच्या पुस्तकात आहे, आपल्या 2017 च्या नियमांतही आहे, आणि मला ते बाबांनी घाटातच शिकवलं.

संताप येतो तो धोका ओळखण्याच्या व्हिडिओंचा. 14 क्लिप, 75 पैकी 44 गुण हवेत. रस्ता दिसतो, धोका आकाराला यायला लागला की क्लिक करायचं. जितकं लवकर तितके जास्त गुण, एका धोक्याला जास्तीत जास्त 5. पण त्यांनी ठरवलेल्या क्षणाच्या आधी क्लिक केलं तर ते धरतच नाहीत! उभ्या व्हॅनमागे पोराचे पाय दिसले की माझं बोट दाबलं जातंच. आमच्याकडे वळणापलीकडे एसटी आहे की गुरं बसलीत, हे दिसायच्या आधी ओळखावं लागतं, नाहीतर माणूस दरीत. बरं, पुन्हा पुन्हा दाबलं तर फसवाफसवी समजून त्या क्लिपचे शून्य गुण. म्हणजे धोका आधी दिसला तरी हात आवरून बसायचं. त्यात इथे नेमकी त्याच क्षणी क्लिप अडकते आणि चकती गरगर फिरत राहते. मग लाईट जाते.

हे सगळं पास झाल्यावरच प्रॅक्टिकलची तारीख मागता येते. फी 62 पौंड, शनिवार-रविवारी 75. तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, आणि ज्या असतात त्या उचलून दामदुपटीने विकणारे लोक आहेत. घरापासून सत्तर मैलांवरचं सेंटर दाखवतात. तिथे जायचं कसं, गाडी चालवायची परवानगी नसताना?

दाभोळच्या खाडीपलीकडचे आमच्या ओळखीचे एक भाऊ शारजाला होते. तिथे रीतसर परीक्षा देऊन त्यांनी लायसन्स काढलं. शारजा ज्या यूएईत आहे, त्या देशाला इंग्लंडने 2021 मध्ये लायसन्स बदलून देण्याच्या यादीत घेतलं, आणि भाऊंना तिथे गेल्यावर नुसता फॉर्म भरून लायसन्स बदलून मिळालं. माणूस इथलाच, रस्ते शिकला इथलेच. पण शारजाच्या कागदाला किंमत आहे, आपल्या कागदाला नाही.

का नाही, ते मला याच आठवड्यात डोळ्यांनी दिसलं. भाच्याचं पक्कं लायसन्स आलं. शिकाऊची ऑनलाइन परीक्षा, 15 पैकी 9 उत्तरं बरोबर आली की पास. तीही त्याने दिलीच नाही, एजंटच्या दुकानातल्या पोराने खुर्चीत बसून त्याच्यासाठी बटणं दाबली. मग मैदानावर गाडी पहिल्या गिअरमध्ये सरळ पुढे नेली, थांबवली, उतरला. आरटीओच्या साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही, सही झाली. ना रिव्हर्स, ना चढावर गाडी उभी करून पुन्हा उचलणं. कोकणात! जिथे घरातून बाहेर पडलं की चढ लागतो!

माझ्याकडेही तसंच कार्ड आहे. दिसायला हुबेहूब. माझ्या कार्डामागे घाटातल्या रात्री आहेत आणि त्याच्या कार्डामागे एजंटचं पाकीट, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखायचं? कुणीच ओळखू शकत नाही, म्हणून सगळ्यांनाच शून्यात काढतात. ज्यांनी मनापासून गाडी शिकली, त्यांच्या मेहनतीची माती या पाकिटांनी केलीय. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, आणि तरी मैदानावर टेबल तेच, सही तीच.

दाजींना म्हटलं, हे बरोबर नाही. तर म्हणतात, "अगं, चालतं गं, सगळे असंच काढतात." काय चालतं, दाजी? दसऱ्याला याच पोराच्या हातात गाडी देऊन तुम्ही आईबाबांना परशुराम घाटातून लोट्याला पाठवणार आहात. मी सांगून ठेवलंय, तो आधी माझ्याबरोबर घाट चढेल आणि उतरेल, रिव्हर्ससकट, आणि मी हो म्हणेपर्यंत आईबाबा त्याच्या गाडीत बसणार नाहीत. कुणाला राग यायचा तर येऊ दे.