‘हॅकरला आमच्या शाळेत काय मिळणार?’

मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचं सार असं: लहान शाळेकडे हॅकर ढुंकूनही बघत नाही, खरी सुरक्षा हवी तर लाखाचा फायरवॉल (नेटवर्कमधली नको ती ये-जा अडवणारी यंत्रणा), नवे कॉम्प्युटर आणि कायमचा तंत्रज्ञ लागतो, ते जमत नसेल तर अँटीव्हायरस घ्या, फायली गूगल ड्राइव्हवर टाका आणि निर्धास्त राहा.

‘आमच्याकडे आहे काय?’ जनरल रजिस्टरच्या स्कॅन प्रती, मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल, शिक्षकांची पगारबिलं. शिवाय रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शाळा बघून येत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा असाच व्हायरस मार्चमधला पॅच (दुरुस्तीचा अपडेट) न टाकलेल्या मशिनांत शिरला, मग ते कुणाचं का असेना.

‘लाखाचा फायरवॉल लागतो.’ एक ऑफिस आणि दहा मशिनांची लॅब असेल तर नाही. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल चालू ठेवा. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) आणि बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद करा. शिक्षकांचे मोबाइल गेस्ट वायफायवर, म्हणजे राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, घ्या. मोबाइलवरून प्रिंट निघत नाही अशी तक्रार मग हमखास येते, कारण गेस्टवरून ऑफिसचा प्रिंटर सहसा दिसत नाही. तेवढ्यासाठी ऑफिसचा वायफाय पासवर्ड वाटू नका.

‘अँटीव्हायरस घेतला की झालं.’ विंडोजमधला डिफेंडर हा अँटीव्हायरस फुकट आहे आणि शाळेला पुरतो. खरी गडबड दुसरीकडे असते: क्लार्क रोज सगळे अधिकार असलेल्या अ‍ॅडमिन खात्यातच काम करतात, आणि विंडोज क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सशिवाय चोरून चालवलेलं असतं. क्रॅक टाकताना आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, तो पुन्हा चालू करायची आठवण कुणाला राहत नाही. अ‍ॅडमिन खातं वेगळं काढा, रोजचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. मग ‘विंडोज सिक्युरिटी’त रॅन्समवेअर प्रोटेक्शनखालचं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू करा; अनोळखी प्रोग्रॅमला ते महत्त्वाच्या फोल्डरांतल्या फायली बदलू देत नाही. ते मुळात बंद असतं. जुनं दाखल्यांचं सॉफ्टवेअर त्यानंतर ‘सेव्ह होत नाही’ म्हणून अडेल. फक्त त्या प्रोग्रॅमला परवानगी द्या, सोय बंद करू नका.

‘नवे कॉम्प्युटर घ्यावे लागतील.’ विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, हे खरं. पण शैक्षणिक संस्थांसाठी वाढीव अपडेटचा दर मशिनमागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर ठेवला आहे. मशिनवर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी, आणि खरेदी व्हॉल्यूम लायसन्सिंगमधून (मायक्रोसॉफ्टच्या संस्थांसाठीच्या लायसन्स योजनेतून) करावी लागते. लॅबमध्ये फक्त ब्राउझर आणि लिब्रे ऑफिस (फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) लागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाका.

‘ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. सिंक (दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं) म्हणजे आरसा: ऑफिसमधली फाइल कुलूपबंद झाली की ड्राइव्हवरचीही होते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण साध्या फायलींसाठी ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. एका शुक्रवारी एकीवर कॉपी, पुढच्या शुक्रवारी दुसरीवर. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअर खातं. एक डिस्क शाळेबाहेर ठेवा, व्हेराक्रिप्ट या फुकट सॉफ्टवेअरने कुलूप लावून, आणि त्याचा पासवर्ड कागदावर तिजोरीत. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर एखादा दाखला उघडून बघा.

‘तंत्रज्ञ ठेवावा लागतो.’ अनेकदा भोक त्यानेच पाडलेलं असतं: दुरुस्तीला येणारा माणूस स्वतःच्या सोयीसाठी एनीडेस्क (दुरून मशिन चालवण्याचं सॉफ्टवेअर) कायमच्या पासवर्डसह ठेवून जातो. ‘अनअटेंडेड अ‍ॅक्सेस’, म्हणजे समोर कुणी नसतानाही दुरून शिरण्याची सोय, बंद करा, काम संपलं की एनीडेस्कच काढा. यू-डायस प्लस (शाळांची माहिती भरण्याची सरकारी वेबसाइट) नेट कॅफेत भरत असाल तर तिथेही असंच भोक पडतं. तिथल्या क्रोमने ‘पासवर्ड सेव्ह करू?’ विचारल्यावर कुणीतरी हो म्हटलेलं असतं. इनकॉग्निटो विंडो वापरा आणि परतल्यावर शाळेच्या मशिनवरून पासवर्ड बदला.