नाकात काडी घातली की ॲलर्जी कळते?

गेल्या महिन्याभरात तोच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. थोडक्यात असा: नाकातल्या स्रावाचा नमुना द्या, त्यातले दाह दाखवणारे घटक मोजून घ्या, की ॲलर्जी आहे का, कशाची आहे आणि औषध लागू पडतंय का, सगळं समजतं. हातावर सुया टोचून घ्यायला नकोत, रक्तातल्या आयजीईच्या (ॲलर्जीत वाढणाऱ्या प्रतिपिंडाच्या) तपासणीला पैसे घालायला नकोत. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाकाच्या स्लाइड बघते, त्यामुळे गप्प बसवेना.

ॲलर्जी आहे का, ते कळतं? स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली की इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, लगेच डोळ्यात भरतात. दोन पाकळ्यांचं केंद्रक, भोवती केशरी-गुलाबी दाणेच दाणे. त्यांचा खच दिसला की ॲलर्जीचा संशय बळावतो, हे खरं. पण ॲलर्जी नसलेल्या नाकातही ते ढिगाने सापडतात. १९८१ पासून या प्रकाराला ‘नेअर्स’ (NARES, म्हणजे ॲलर्जीविना, इओसिनोफिल वाढलेला नाकाचा दाह) असं स्वतंत्र नावच आहे. नाकात पॉलिप (मऊ मांसल गाठी) असले तरी तेच.

कशाची आहे, ते कळतं? इथे तर मेसेज सपशेल चुकलाय. दाहात पेशींतून सुटणारी रसायनं, म्हणजे हिस्टामिन मोजा, ट्रिप्टेज मोजा, इंटरल्यूकिन-५ मोजा. आग लागलीय एवढं कळेल, काडी कोणी लावली ते नाही. धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, मांजर यांतलं नेमकं कोण, हे त्वचेची चाचणी सांगते: हातावर ॲलर्जनचे, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे, थेंब ठेवून सुईने टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत कुठल्या थेंबाखाली गांधी उठते ते बघायचं. त्याआधी सर्दीची (अँटिहिस्टामिन) गोळी आठवडाभर बंद ठेवणं जमत नसेल, तर रक्तातली विशिष्ट आयजीई. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. काहींची त्वचा आणि रक्त दोन्ही निर्दोष असतात आणि ॲलर्जी फक्त नाकातच असते. पण तीही पकडतात ती नाकात प्रत्यक्ष ॲलर्जन सोडून, नुसती काडी फिरवून नव्हे.

आता आकड्याबद्दल, कारण लोक भुलतात ते त्यालाच. हे घटक मोजायला नाकात सलाइन (मिठाचं पाणी) सोडून परत गोळा करतात. कुणाचं किती परत येतं आणि त्यात स्राव किती मिसळलेला असतो, ते दर वेळी वेगळं. मग ‘एका मिलिलिटरमध्ये इतकं’ म्हणजे नक्की कशात इतकं? शिवाय दोन्ही नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने चोंदतात आणि मोकळ्या होतात. त्यात साधी सर्दी झालेली असली तर न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते.

आणि वेळ! बाल्टिमोरच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात परागकण घालून त्यांची नाकं पुन्हा पुन्हा धुतली. काही मिनिटांत हिस्टामिन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ (दाहातलं आणखी एक रसायन) वर गेलं, मग उतरलं. कित्येक तासांनी काहींना पुन्हा शिंका सुरू झाल्या. या वेळी हिस्टामिन वाढलं, प्रोस्टाग्लँडिन डी-२ नाही. प्रोस्टाग्लँडिन डी-२ नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींतून येतं, म्हणजे ही दुसरी लाट बहुधा रक्तातून येणाऱ्या, फक्त हिस्टामिन सोडणाऱ्या बेसोफिल पेशींची असावी, असा त्यांनी तर्क केला. नाकातली मोजमापं खरी कामाला येतात ती अशी, घड्याळ लावून. सकाळी अकराला लॅबमध्ये दिलेल्या एका नमुन्याला ही गोष्ट सांगता येत नाही.

राहिलं औषध. स्टेरॉइड स्प्रेने इओसिनोफिल कमी होतात, बरोबर. पण पेशी आणि त्रास जोडीने चालतातच असं नाही. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या काहींना कसलीच तक्रार नसताना नाकात दाह सापडलाय. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: झोप लागते का, नाक किती चोंदतं, शून्य ते दहामध्ये त्रास किती?

मध्यंतरी एक काका रिपोर्ट न्यायला आले. इओसिनोफिल जवळपास नव्हतेच. ‘म्हणजे ॲलर्जी नाहीच ना, ताई? स्प्रे बंद करू?’ स्प्रे किती दिवस चालू आहे विचारलं, तर म्हणाले, तीन आठवडे. रिपोर्टवर तेवढी नोंद घातली आणि बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं.